दुखण्याची गोळी : नाव वाचा, वार पाळा
(महासंघाच्या मासिक सभेतील आरोग्य सत्रात झालेले भाषण)



गटाच्या हिशेबात दहा रुपयांची चूक झाली तरी आपण वही परत पहिल्या पानापासून तपासतो. पण गुडघा दुखला की दुकानातून "ती पिवळी गोळी द्या" म्हणून आणतो आणि नाव न वाचता गिळतो. खुरपायला जायचंय, मजुरी बुडायला नको, म्हणून सकाळी एक, रात्री एक. आज या गोळीचाच हिशेब मांडू.

आधी हे समजून घ्या, की सगळी सांधेदुखी एक नसते. वयानुसार आणि ओझ्यामुळे गुडघा झिजतो, ती झीज. दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजतात, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, तो बहुधा आमवात. यात आपल्याच शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा सांध्यावर उलटते. आणि रात्रीतून पायाचा अंगठा लालबुंद होतो, चादर लागलेली सहन होत नाही, तो गाउट. यात रक्तातलं युरिक ॲसिड वाढून सांध्यात त्याचे खडे साचतात. तीन दुखणी, तीन वेगळी औषधं.

आता आपली नेहमीची गोळी. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक ही नावं पाकिटावर बारीक अक्षरात असतात. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ सूज आणि दुखणं वाढवतो. ही गोळी तो तयार होऊ देत नाही, म्हणून आराम पडतो. पण हाच पदार्थ जठराच्या आतल्या अस्तराला जपतो आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतो. गोळी रोज घेतली की हे दोन्ही राखणदार कमी होतात. पोटात जखम होते, शौचाला डांबरासारखं काळं होतं. काही वेळा आधी काहीच दुखत नाही, एकदम रक्तच जातं. जेवून घेतली म्हणजे पूर्ण सुटका झाली असं नाही, कारण गोळी रक्तातूनही जठरापर्यंत पोचते.

बीपीची गोळी चालू असेल, साखर असेल, वय साठीपुढे असेल, तर धोका जास्त. उन्हात दिवसभर ऊस तोडला, पाणी कमी प्यायलं आणि वरून ही गोळी घेतली, तर मूत्रपिंडावर दुहेरी ताण येतो. पाचव्या महिन्यानंतरच्या गरोदर बाईने तर ती डॉक्टरांशिवाय घेऊच नये. आणखी एक बघा, नाव वेगळं असलं तरी आतलं औषध एकच असतं. एक पाकीट दवाखान्यातून, दुसरं दुकानातून, म्हणजे एकाच औषधाचा दुप्पट डोस. पॅरासिटामॉल जठराला त्यामानाने सौम्य आहे, पण तेही अनेक मिश्र गोळ्यांत असतं. जास्त झालं तर यकृताला मारतं.

बिननावाच्या पुडीबद्दल सांगते. "तीन दिवसांत वात गायब" म्हणतात आणि खरंच गायब होतो. अशा पुडीत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. महिनोन्‌महिने घेतलं की चेहरा गोल सुजतो, साखर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात. मात्र बरेच दिवस घेतलेली पुडी एकदम बंदही करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कमी करतील.

आता आजची सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आमवातावर मिथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. चांगली गोळी आहे, बोटं वाकडी होण्यापासून वाचवते. पण ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. तोंडात फोड, ताप, हिरड्यांतून रक्त, असं काही दिसलं तर तेव्हाच दवाखाना गाठा. म्हणून बाजाराचा वार ठरवा, पाकिटावर तो वार लिहा आणि घरातल्या एकाला सांगून ठेवा. फॉलिक ॲसिडची गोळी वेगळी असते, ती डॉक्टर सांगतील त्या दिवशी घ्यायची. मिथोट्रेक्सेटचा गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. "आज घेतली, आज थांबलं नाही" म्हणून सोडू नका. वेळोवेळी रक्त तपासा. मूल हवं असेल किंवा दिवस गेले असतील तर ती चालत नाही, डॉक्टरांना आधी सांगा.

गाउट पुरुषांत जास्त, पण पाळी गेल्यावर आपल्यातही येतो. त्यावरची ॲलोप्युरिनॉल दुखणं थांबवणारी नाही, युरिक ॲसिड कमी करणारी आहे. दुखत नसलं तरी रोज घ्यायची असते. मात्र सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठलं तर गोळी थांबवून लगेच दवाखान्यात जा.

ज्यांनी गटाच्या कर्जातून गाय-म्हैस घेतली त्यांच्यासाठी एक गोष्ट. पूर्वी आकाशात गिधाडं दिसायची, आता दिसत नाहीत. डायक्लोफिनॅक दिलेलं जनावर मेलं, गिधाडांनी ते खाल्लं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. म्हणून २००६ साली सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. माणसांचं इंजेक्शन गोठ्यात वापरू नका. मेलॉक्सिकॅम हा पर्याय आहे, पशुवैद्यकांना विचारा.

तर पुढच्या बैठकीला एवढंच करा. घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा. आशाताई आणि सिस्टर हजर असतील. प्रत्येक गोळीला तीन प्रश्न विचारू : नाव काय, कशासाठी, किती दिवस? ज्या गोळीचं उत्तर मिळणार नाही, ती बाजूला ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवू. बचतीची वही जशी दर महिन्याला उघडतो, तशी ही पिशवीही उघडू या.