पीएच पाडू नका, आधी पाणी ओळखा

वडीगोद्रीहून बोलतोय. पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण आजचा विषय घरातली माशांची टाकी. यात मला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "दादा, पीएच 8 येतोय, 7 कसा करू?"

माझं उत्तर : करूच नका.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. बादलीला, गिझरच्या कॉइलला पांढरा थर चढतो ना, ते कार्बोनेट. पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट पीएच धरून ठेवतात. तुम्ही पीएच उतरवणारे थेंब टाकले की आम्ल आणि बायकार्बोनेट मिळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो, पीएच खाली येतो. एअर पंप रात्रभर तो वायू बाहेर काढतो, सकाळी पीएच बराचसा परत वर! मग पुन्हा थेंब. असं करत एक दिवस बायकार्बोनेट संपतात आणि पीएच धाडकन कोसळतो. पीएचमध्ये 1 चा फरक म्हणजे आम्लतेत 10 पट फरक. स्थिर 8 मासे सोसतात, हे हेलकावे नाही सोसत.

आता मोजायचं कसं? बोअरचं ताजं पाणी लगेच मोजू नका, त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, आकडा कमी दिसतो. बादलीत एअर स्टोन सोडा, 24 तासांनी मोजा. 8 च्या आसपास आला तर गप्पी, मॉली, प्लॅटी मजेत राहतील. डिस्कसचा हट्ट सोडा.

मग 8 ला धोका नाहीच का? आहे, अमोनियाचा. तो माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून येतो. पाणी 25 अंशांवर असताना पीएच 7 ला त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, 8 ला मात्र 5 टक्क्यांहून जास्त. म्हणून खाद्य चिमूटभरच. नव्या टाकीत एकदम 10 मासे सोडू नका. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच धुवा, अमोनिया संपवणारे जिवाणू त्यातच राहतात.

उन्हाळ्यात बोअर आटला की टँकर नाहीतर आरओचा जार येतो. जारच्या पाण्यात बायकार्बोनेट जवळपास नसतातच. सगळी टाकी एका दिवसात बदलू नका, एका वेळी पाचवा हिस्सा बदला, मध्ये दोन-चार दिवस जाऊ द्या. टँकरच्या पाण्यात क्लोरीन असेल, तर आधी क्लोरीन काढणारं औषध घाला.

आज रात्री ती बादली भरून ठेवा. उद्याचा आकडा मला कळवा, पुढच्या भागात त्यावरच बोलू!