सावलीतली हिरवळ

आंब्याच्या दाट सावलीत हरळीची हिरवळ धरत नाही. तिला ऊन हवं. तिथे मोंडो ग्रास लावा. दिसायला गवत, पण कूळ शतावरीचं आणि मूळ जपान-चीनकडचं. पावसाच्या सुरुवातीला माती वरवर भुसभुशीत करून कुजलेलं शेणखत मिसळा. आंब्याची जाड मुळं मात्र तोडू नका. नर्सरीतल्या पिशवीतला गड्डा हातानं सोडवला की मुळांसकट फुटवे वेगळे होतात. ते 10 ते 15 सेंटिमीटरवर लावा. हे रोप फार सावकाश पसरतं, घाई असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊच नये! तोवर मधलं तण उपटत राहा. वरची माती सुकली की पाणी द्या; साचलं तर मुळं कुजतात. लॉनसारखी वरचेवर कापणी लागत नाही, पडलेला पाला तेवढा झाडून घ्या.