दिवेलागणीनंतरचे दोन तास



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला जो विषय दिला तो असा : 'शहरातील किशोरवयीन मुलामुलींसाठी संध्याकाळचे सुरक्षित उपक्रम'. हे नाव वाचून मला प्रथम एखाद्या सरकारी परिपत्रकाचा वास आला. पण जरा विचार केला तेव्हा ध्यानात आले की, त्यात दडलेला प्रश्न फार साधा आहे आणि म्हणूनच अवघड आहे. दिवेलागणीनंतर आपली तेरा ते अठरा वर्षांची मुले कोठे असतात? आणि कोठे असावीत? पहिल्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर येथे बसलेल्यांपैकी किती आईबापांपाशी आहे, हे मी हात वर करावयास सांगून विचारणार नाही. विचारले तर निम्मी मंडळी खिशातून फोन काढतील, घरी लावतील, आणि माझे व्याख्यान तेथेच आटोपेल.

मी साताऱ्याचा. आयुष्याची तीसेक वर्षे शाळेत शिकविण्यात गेली. तरी सांगलीत मी स्वतःला पाहुणा समजत नाही. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून जो जिल्हा झाला त्याचे नाव 'दक्षिण सातारा' असेच होते. सांगली हे नाव त्याला १९६० साली मिळाले. तेव्हा दोन शब्द अधिक-उणे बोललो तर घरातलाच माणूस बोलतो आहे असे समजावे.

आपल्या घराघरांत एक नियम होता : सातच्या आत घरात. तो कोणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडण्याची छाती नव्हती. या नियमामागे दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असत. एक अशी की, धोका घराबाहेर आहे, घरात नाही. दुसरी अशी की, नियम मुलींसाठी आहे. मुलगा साडेआठला आला तर 'कोठे उंडारत होतास?' एवढ्यावर निभावत असे. यांपैकी पहिले गृहीत आता साफ मोडले आहे. मुलगा सातला घरी येतो, जेवतो, खोलीचे दार लोटून घेतो आणि मध्यरात्रीपर्यंत कोणाशी बोलतो, काय पाहतो, कशात गुंततो हे भिंतीपलीकडे झोपलेल्या बापाला कळत नाही. मूल घरात आहे म्हणून बाप निश्चिंत, आणि मूल तर घरात नाहीच! दुसरे गृहीत मात्र अजून शाबूत आहे. त्याविषयी मला एक गोष्ट सांगावयाची आहे. ती माझ्या चुकीची आहे.

हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शाळा पाचला सुटते. म्हणजे डिसेंबरात खेळावयास उजेड मिळतो तो जेमतेम तासभर. माझ्या वर्गात एक मुलगी होती, खो-खोत विलक्षण चपळ. सराव आटोपून तिला घरी जावयास साडेसहा-पावणेसात होत, आणि तिच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला दिवा कित्येक महिने बंद होता. खांबाशी टोळके उभे राही. एके दिवशी तिचे वडील माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, काय करू तुम्हीच सांगा." मी मोठ्या शहाणपणाने सांगितले, "परीक्षा जवळ आली आहे. तूर्त खेळ बंद ठेवा." ते 'तूर्त' जन्मभराचे ठरले. मुलगी पुन्हा मैदानावर आली नाही. बऱ्याच वर्षांनी ती एका लग्नात भेटली; कडेवर मूल होते. जुन्या आठवणी निघाल्या तेव्हा तिने हसतच विचारले, "सर, तो दिवा दुरुस्त करा असं तुम्ही कोणाला सांगितलं होतं का हो?"

सांगितले नव्हते. मुलीला आत ठेवा हे सांगावयास मला एक मिनिट लागले होते. दिव्यासाठी एक अर्ज लिहावा हे मला सुचलेच नव्हते. त्या प्रश्नाला आजही माझ्यापाशी उत्तर नाही, आणि आजचे माझे बोलणे त्या प्रश्नाभोवतीच फिरणार आहे.

आपल्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. टाळेबंदीच्या काळात शाळा फोनवर आली, फोन मुलांच्या हाती गेला, आणि शाळा उघडली तरी तो हातातून सुटेना. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून या गावाने एक प्रघात पाडला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजे. भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही आणि फोन बंद. मुलांनी दीड तास अभ्यास करावा, पुस्तक वाचावे, आपसांत बोलावे. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याला जे पाहावयाचे ते पाहावे. त्या वेळचे सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली तेव्हा गावातले पुरुष हसले. बायकांच्या सभेत मात्र ती उचलली गेली. मालिकांचा नाद आपल्यालाही आहे हे त्यांनी कबूल केले. अंगणवाडीच्या सेविका, आशा कार्यकर्त्या आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

या गावाची वाहवा देशभर, किंबहुना परदेशांतील वृत्तपत्रांतही झाली. परंतु वाहवा करणाऱ्यांचे लक्ष भोंग्यावर राहिले. माझ्या मते खरी गोष्ट निराळी आहे. भोंगा मुलांसाठी वाजत नव्हता. तो सगळ्यांसाठी वाजत होता. आईची मालिका बंद, बापाच्या बातम्या बंद, आणि मगच मुलाचा फोन बंद. ज्या घरात बाप स्वतः फोनमध्ये डोके खुपसून 'अभ्यासाला बस' असे ओरडतो, त्या घरात काय होते ते मी शिक्षक म्हणून तीस वर्षे पाहिले आहे. पूर्वी फोनच्या जागी वर्तमानपत्र असे, एवढाच फरक.

पण आपण म्हणाल, ते खेडे. एक देऊळ, एक भोंगा, सगळे एकमेकांना ओळखणारे. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतीत तिची वस्ती पाच लाखांवर गेली होती. येथे भोंगा वाजवला तर लोक अग्निशामक दल आले म्हणून गॅलरीत येतील. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून जरा दूरचे उदाहरण घेतो. आइसलँड नावाचा देश आहे. अख्ख्या देशाची वस्ती आपल्या महानगरपालिकेहून कमी. तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा ४२ मुलांनी मागच्या महिन्याभरात एकदा तरी दारू पिऊन झिंगल्याचे १९९८ साली सांगितले होते. २०१६ साली हे प्रमाण शेकडा ५ वर आले. कसे आले? तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर एकटे बाहेर राहू नये असा कायदा झाला, हे खरे. आणि आपल्याकडे हे उदाहरण कोणी सांगितलेच तर एवढेच सांगून थांबतो. पण त्याच्या जोडीला तेथे मैदाने, पोहण्याचे तलाव, संगीताचे वर्ग यांवर सार्वजनिक पैसा ओतला गेला. राजधानी रेक्याविकमध्ये प्रत्येक मुलामागे घराला अशा वर्गांच्या फीसाठी ठराविक वार्षिक रक्कम मिळू लागली. आणि आठवड्याअखेरच्या रात्री आईबाप चारचार-पाचपाच जणांचे गट करून रस्त्यांवरून नुसते फेरफटका मारीत. कोणाला पकडावयास नव्हे. दिसावे म्हणून.

बंदीचा कायदा आपण उचलू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे अशी बंदी आली तर ती मुलींवरच बसेल. मुलगे कट्ट्यावर असतील. उचलावयाचे ते हे फेरफटका मारणारे आईबाप.

आणि ते तरी परक्यांकडून उचलावे लागेल का? सांगलीला 'तालीम' हा शब्द दुहेरी आहे. एक तालीम पैलवानांची, दुसरी नटांची. आणि दोन्ही भरावयाच्या संध्याकाळी. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी याच गावी सीतास्वयंवराचे नाटक उभे केले, हे सांगलीकरास सांगण्याचे धाडस मी करीत नाही. पण नाटकाच्या तालमीचा एक गुण सांगतो. तेथे सोळा वर्षांचा मुलगा पडदा ओढतो, दिवे सांभाळतो, साठ वर्षांच्या नटाला विसरलेले वाक्य सांगतो. त्याच्यावाचून कोणाचे तरी अडते. पोराला मैदान हवे, वाद्य हवे, हे सगळे खरे. पण आपल्यावाचून कोणाचे तरी अडावे ही भूक त्या वयात सर्वांत मोठी असते. गणेशोत्सवाचे दहा दिवस पाहा. एरवी घरात पेला न उचलणारा मुलगा मांडवाची दोरी बांधताना रात्रभर राबतो. अकराव्या दिवसानंतर त्याला आपण पुन्हा बिनकामाचा करून टाकतो.

तसेच बुद्धिबळाचे. १९४१ साली येथे नूतन बुद्धिबळ मंडळ निघाले, आणि भाऊसाहेब पडसलगीकर यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. स्वाती घाटे यांच्यासारखी महिला ग्रँडमास्टर किताबाची खेळाडू याच गावची. बुद्धिबळाला लागते काय? एक खोली, एक दिवा, दहा पट, आणि रोज ठरल्या वेळी दार उघडणारा एक माणूस. यांतला शेवटचा जिन्नस सर्वांत दुर्मीळ आहे.

कृष्णेच्या घाटाचेही नाव घ्यावयास हवे. जुन्या पिढीची संध्याकाळ तेथे पोहण्यात जाई. आता मात्र मी कोणा मुलाला नदीत उतर म्हणून सांगणार नाही. भिलवडीपासून या बाजूला मगरींचा वावर आहे, आणि मगरीला व्याख्यानमालेचा विषय माहीत नसतो. नदी गेली, तिच्या जागी काय दिले? बऱ्याच घरांनी दुचाकी दिली. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालविताना गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला अथवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे. मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हे कायद्यात आहे, आणि शिकवणीच्या वर्गाबाहेर संध्याकाळी किती गाड्या लागलेल्या असतात तेही आपण पाहतो. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता असा आरोप आहे. त्या मुलाला जामीन देताना घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर देश संतापला. मला वाईट याचे वाटले की, त्या मुलाची ती संध्याकाळ मद्यालयात गेली तेव्हा ती आपल्याला दिसली नाही. दिसली ती अपघातानंतर. आणि हे पुण्याचेच, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी मेफेड्रोन या मादक द्रव्याचा साठा जप्त केला तो कुपवाडमधून.

आमच्या साताऱ्याची एक चांगली गोष्ट सांगतो. अदिती स्वामी ही मुलगी २०२३ साली बर्लिनमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. वडील शिक्षक, मुलीला सराव मिळावा म्हणून कुटुंब खेड्यातून साताऱ्यात आले. सरावाची जागा कोणती? उसाच्या शेतातली. प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे नागपूरचा ओजस देवतळे शिकावयास आला, आणि त्याच स्पर्धेत तोही जगज्जेता झाला. आम्ही मिरवणूक काढली, ते योग्यच झाले. पण माझे मन त्या शेतावर येणाऱ्या, कधीच पदक न मिळविणाऱ्या मुलामुलींकडे जाते. रोज संध्याकाळी बाण सोडावयाचा, चालत जाऊन तो उपटून आणावयाचा, पुन्हा सोडावयाचा. त्यांची नावे कोणाला ठाऊक होणार नाहीत, आणि त्यांची संध्याकाळ मात्र उत्तम गेलेली असेल.

एक नाजूक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. उपक्रम काढला म्हणजे तो सुरक्षित झाला असे नाही. मुलांवरील अत्याचाराचा २०१२ चा कायदा आपल्याला का करावा लागला? कारण अत्याचार करणारा पुष्कळदा ओळखीचाच असतो. कधी शिक्षक, कधी प्रशिक्षक. म्हणून माझा हट्ट असा की, कोठल्याही वर्गात वा व्यायामशाळेत एकटा मोठा माणूस आणि बंद दार असू नये. दोन मोठी माणसे, त्यांत एक स्त्री, दार उघडे, आणि कोणत्याही आईने न विचारता केव्हाही आत यावे. ज्या प्रशिक्षकाला याचा राग येतो त्याच्याकडे मूल पाठवू नये.

आता मागणे. आपल्या प्रत्येक प्रभागात शाळा आहे. शाळेला मैदान आहे, संडास आहे, पाणी आहे, कुंपण आहे. आणि पाच वाजता फाटकाला कुलूप आहे. सहा ते आठ ते कुलूप काढावे. मैदानावर दोन दिवे लावावेत, एका वर्गात पुस्तके आणि पट मांडावेत. निवृत्त मंडळींनी आठवड्यातून एक वार वाटून घ्यावा; चौदा माणसे मिळाली की आठवडा भरला, रोज दोघे. शिकविण्याची गरज नाही, नुसते असावे. अडचण खर्चाची सांगतात, जबाबदारीची सांगतात. जबाबदारीची खरी आहे. मुख्याध्यापकावर ती एकट्याने टाकू नये, प्रभागातील पालकांची समिती करून लेखी घ्यावी. आणि मुली परत कशा जाणार, कोणत्या वाटेने, कोणाबरोबर, त्या वाटेवरचे कोणते दिवे बंद आहेत, हे पहिल्या दिवशी कागदावर लिहावे. खेळाचे साहित्य दुसऱ्या दिवशी आणले तरी चालेल.

चालकांनी खूण केली आहे, आठ वाजले. शेवटच्या रांगेत शाळेच्या सहा-सात मुली बसलेल्या मला मघापासून दिसत आहेत. त्यांना घरी पोचवावयास कोण जाणार आहे, एवढे विचारून मी खाली बसतो.