मागल्या दाराने आलेले शिक्षक

(इगतपुरी येथे कार्यकर्ते व हितचिंतक यांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षकांच्या प्रशिक्षणावर मी बोलावे असे आपण ठरविलेत, तेव्हा आरंभीच एक कबुली देणे भाग आहे. मी स्वतः अप्रशिक्षित शिक्षक आहे. अर्थशास्त्रात एम. ए. झालो आणि पुढच्याच जूनमध्ये महाविद्यालयाच्या वर्गात उभा राहिलो. शिकवावे कसे, हे मला कोणीही शिकविलेले नव्हते. पहिले वर्षभर मी मुलांशी बोलत नव्हतो, फळ्याशी बोलत होतो. आणि हेही एका विद्यार्थ्यानेच, वर्ष संपल्यावर, चहा पिता पिता मला सांगितले. त्या वर्षीच्या मुलांचे जे नुकसान झाले ते मला पुढे भरून देता आले नाही. प्राध्यापकाला आजही बी.एड. लागत नाही. चौथीच्या मुलांना शिकविणाऱ्याला मात्र पदविका लागते, पात्रता परीक्षा लागते. ती लागू नये असे मी म्हणणार नाही. ती आम्हांलाही लागायला हवी होती.

हे आधी सांगण्याचे कारण असे की, पुढे मी जे मांडणार आहे त्याचा अर्थ 'शिकवायला प्रशिक्षण कशाला हवे' असा कोणी लावू नये. प्रश्न निराळा आहे. ज्याने वयाच्या तिशी-पस्तिशीपर्यंत दुसरे काही काम केले आणि आता ज्याला शिक्षक व्हावेसे वाटते, त्याने प्रशिक्षण घ्यावे कधी, कोठे, आणि त्या काळात त्याच्या घरची चूल कोणी पेटवावी?

अशी माणसे या तालुक्यात आहेत हे मी आपल्याला सांगायला नको. गोंद्याच्या कारखान्यांत कंत्राटदाराच्या हाताखाली राबणारे पदवीधर आपल्या ओळखीचे आहेत. वाडीवरच्या अंगणवाडीत वर्षानुवर्षे ठाकर आणि कातकरी मुलांना त्यांच्या बोलीतून अक्षरापर्यंत आणणाऱ्या बाया आहेत. रेल्वेतली पाळी संपवून शेजारच्या पोरांची गणिते घेणारा एक साथी तर आज याच सभेत बसला आहे. त्याचे नाव घेतलेले त्याला आवडणार नाही. यांपैकी कोणालाही उद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक व्हायचे असेल, तर त्यासाठी मार्ग काय?

या मागणीला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षक कसा असावा हे स्पष्ट सांगितले होते. तो प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, नांगराचा रुमणा किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्याची त्याला लाज वाटू नये आणि खालच्या थरांतील लोकांत त्याला सहज मिसळता यावे. त्याचा पगार किमान १२ रुपये असावा, मोठ्या गावी १५ ते २०, हेही त्यांनी तेथेच मांडले. लक्षात घ्या, प्रशिक्षण, श्रमाचा अनुभव आणि पुरेसे वेतन या तीन गोष्टी त्यांनी एका दमात मागितल्या. त्यानंतरच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत सरकारांनी या तिन्हींची फारकत केली. कधी प्रशिक्षण मागितले आणि वेतन दिले नाही, कधी अनुभवाचा माणूस घेतला आणि त्याला प्रशिक्षण दिले नाही.

वस्तीशाळेचे उदाहरण घ्या. शाळेपासून दूर असलेल्या वाड्यापाड्यांसाठी राज्य सरकारने २००१ च्या सुमारास वस्तीशाळा सुरू केल्या. शिकवायला त्याच वस्तीवरचा तरुण किंवा तरुणी घ्यायची, पदविकेची अट नाही, मानधन महिना हजार रुपये. कल्पना वाईट नव्हती. मुलांची भाषा जाणणारा, रात्री मुक्कामाला गावातच असणारा शिक्षक मिळाला. शेळ्या राखणारी, वीटभट्टीवर जाणारी पोरे प्रथमच पाटीसमोर बसली. पण हे शिक्षण स्वस्त पडते असे सरकारच्या ध्यानात आले, आणि मग ते स्वस्तच राहावे अशी व्यवस्था झाली. या निमशिक्षकांनी शिकवता शिकवता पदविका मिळविली, मोर्चे काढले, उपोषणे केली. तेव्हा कोठे २०१४ मध्ये त्यांना नियमित सेवेत घेण्यात आले. मधली बारा-तेरा वर्षे कोठे गेली? राज्यात जुने निवृत्तिवेतन १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना मिळते. २००१ पासून शिकविणारा माणूस कागदोपत्री २०१४ चा ठरला, म्हणून तो त्यातून बाहेर. या माणसांनी आपले तारुण्य वस्तीवर घातले. आता त्यांच्या म्हातारपणाचा प्रश्न उभा आहे.

मागल्या दाराने शिक्षक घेण्याचा हा एकच प्रकार नव्हे. देशभरच्या शाळांत शिकवीत असलेल्या अप्रशिक्षितांसाठी २०१७ मध्ये शिक्षणहक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि ३१ मार्च २०१९ पर्यंत पात्रता मिळविण्याची मुदत दिली गेली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने त्यांच्यासाठी दूरशिक्षणाची पदविका काढली. सुमारे १४ लाख शिक्षकांनी नावे नोंदविली. अठरा महिन्यांत लाखो माणसांना प्रशिक्षित ठरविणे हे हिशेबाच्या दृष्टीने सोयीचे होते. पुढे या पदविकेची बरोबरी दोन वर्षांच्या पदविकेशी होते की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. घाईने दिलेला कागद न्यायालयात फडफडतो, आणि त्याचा भुर्दंड कागद देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला बसतो.

आता समोरच्या दाराकडे पाहू. पहिली ते पाचवीसाठी दोन वर्षांची पदविका हवी. ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तेथे बी.एड. चालत नाही. वरच्या वर्गांसाठी बी.एड., तेही २०१५ पासून दोन वर्षांचे. मग पहिली ते आठवीसाठी पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर नंबर लागण्याची वाट. आणि नंबर लागल्यावर तीन वर्षे शिक्षणसेवक. शिक्षणसेवक ही योजना २००० साली आली. प्राथमिकचे मानधन बराच काळ ६ हजारांवर अडकले होते, २०२३ मध्ये ते १६ हजार झाले.

माझा विषय अर्थशास्त्र, म्हणून थोडा हिशेब करतो. समजा, गोंद्याच्या कारखान्यात एखाद्याला महिना १५ हजार मिळतात. दोन वर्षे तो पूर्णवेळ अभ्यासक्रमाला बसला तर ३ लाख ६० हजारांची मजुरी बुडते. यालाच आम्ही पुस्तकात संधी-खर्च म्हणतो. त्यात विद्यालयाचे शुल्क मिळवा, जाण्यायेण्याचे भाडे मिळवा, परीक्षा आणि भरती यांच्या वाट पाहण्याचा काळ मिळवा. एवढे सोसून पुढची तीन वर्षे १६ हजारांवर. शिवाय वयाची अट आहेच : खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. ज्याच्या घरी जमीनजुमला आहे किंवा बापाचे निवृत्तिवेतन चालू आहे, त्यालाच हा हिशेब परवडतो. म्हणजे परीक्षेत गुणवत्ता तपासली जाण्याच्या कितीतरी आधी घरची मिळकत तपासली जाते, आणि तिची मात्र गुणपत्रिका निघत नाही.

आपण म्हणाल, मुक्त विद्यापीठ आहे ना! आहे, आणि ते आपल्याच जिल्ह्यात, गंगापूर धरणाजवळ १९८९ पासून आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांना कॉलेजची पायरी चढता आली नाही त्यांना या विद्यापीठाने पदव्या दिल्या; त्याबद्दल मला आदर आहे. पण राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे २०१४ चे नियम पाहा. दूरशिक्षणाने बी.एड. करण्याची मुभा दोघांनाच : प्राथमिक शाळेत नोकरीवर असलेल्या प्रशिक्षित शिक्षकाला, किंवा ज्याने प्रत्यक्ष वर्गात बसून शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आधीच पुरा केला आहे त्याला. म्हणजे शिक्षक होण्यासाठी येथे यायचे तर आधी शिक्षकाचे प्रशिक्षण झालेले असले पाहिजे. विद्यापीठ मुक्त, आणि दार असे! नियमामागचा हेतू मी समजू शकतो. पत्राने शिक्षक घडत नाही, त्याला वर्गात उभे राहावे लागते. न्यायमूर्ती वर्मा आयोगाने २०१२ मध्ये अध्यापक विद्यालयांच्या दुरवस्थेवर जे लिहिले, त्याची सुरुवात महाराष्ट्रातल्याच वादातून झाली होती. दुकाने बंद व्हायलाच हवी होती. पण दुकाने बंद करताना सरकारने कष्टकऱ्याचा रस्ताही बुजविला आणि दुसरा काढून दिला नाही.

दुसरीकडे काय आहे? अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १९८० च्या दशकाच्या मध्यास पर्यायी मार्ग काढला : पदवीधराला शाळेने नेमायचे, पगार द्यायचा, आणि जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली काम करता करता त्याचे प्रशिक्षण करायचे. पुढे अनेक राज्यांनी त्याची नक्कल केली. काही ठिकाणी चांगली, काही ठिकाणी केवळ रिकाम्या जागा भरण्यापुरती. आपल्याकडे २००९ मध्ये मुंबई-पुण्यात 'टीच फॉर इंडिया' आले. चांगल्या नोकऱ्या सोडून दोन वर्षे गरीब मुलांना शिकवायला तरुण आले, त्यांची तळमळ खोटी म्हणण्याचे पाप मी करणार नाही. पण दोन वर्षांनी त्यांतले पुष्कळजण निघून जातात, आणि वस्तीवरचा निमशिक्षक बारा वर्षे तेथेच राहतो. पहिल्याच्या त्यागाचा गौरव होतो आणि दुसऱ्याला उपोषणाला बसावे लागते. यातला फरक आपल्या पक्षाच्या माणसांना समजावून सांगण्याची गरज नाही.

एक आक्षेप मात्र मला झोप लागू देत नाही. मागच्या आठवड्यात एका डी.एड. झालेल्या मुलाने मला विचारले, "सर, आम्ही लाखोंनी रांगेत उभे आहोत. २०१२ पासून भरती बंद होती, त्यात आमची वये गेली. आणि तुम्ही नवीन रांग लावायला निघालात?" त्याला तेथल्या तेथे मला नीट उत्तर देता आले नाही. त्याचे म्हणणे खरे आहे. मे २०१२ च्या आदेशाने भरती थांबली, विद्यालयांनी मात्र त्याआधी भरमसाट पदविका वाटून ठेवल्या होत्या. तेव्हा नवा मार्ग काढायचा तो सगळीकडे काढून चालणार नाही. ज्या पाड्यावर नेमलेला शिक्षक बदलीची वाट पाहत दिवस काढतो, जेथे मुलांची बोली येणारा माणूस रांगेत मिळत नाही, जेथे आश्रमशाळेत विज्ञान-गणिताची जागा वर्षानुवर्षे रोजंदारीवर चालते, तेथेच तो असावा. आणि त्या जागांवरही रांगेतला स्थानिक उमेदवार आधी. २०२५ च्या पावसाळ्यात नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर रोजंदारी कर्मचाऱ्यांनी बिऱ्हाड मांडले होते, ते आपण पाहिले. त्यांच्या जागी बाह्यस्रोताने माणसे घेण्याचा घाट होता. वर्षानुवर्षे काम करणारा तेथे आहेच. त्याला प्रशिक्षण आणि वेतन देण्याऐवजी सरकार ठेकेदार शोधते.

कसारा घाटात चढणीच्या गाडीला मागून इंजिने जोडतात, हे इगतपुरीकरांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. गाडीत दम नाही म्हणून कोणी तिला कसाऱ्यालाच उभी ठेवत नाही. माझी मागणी एवढीच आहे. उमेदवाराला जवळच्या शाळेत जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली दोन वर्षे पगारी उमेदवारी द्या, आणि तो पगार किमान वेतनाहून कमी नसावा. सुटीच्या दिवशी व उन्हाळ्यात मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर त्याचा अभ्यास व्हावा. पात्रता परीक्षा त्यालाही द्यावी लागेल, तिच्यात सूट नको. सूट मिळालेल्याकडे पुढे आयुष्यभर त्याच नजरेने पाहिले जाते. वयाच्या अटीत मात्र, आधी केलेल्या कामाची वर्षे धरून, सवलत हवी. आणि नेमणूक झाल्यास सेवा उमेदवारीच्या पहिल्या दिवसापासून मोजावी. हे शेवटचे कलम सर्वांत महाग आहे, म्हणून सरकार प्रथम तेच गाळील, आणि म्हणून आपण ते सर्वांत आधी लिहावे.

पैसा कोठून आणायचा, असे विचारतील. जुलै २०२३ मध्ये रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार देऊन नेमण्याचा निर्णय सरकारने घेतलाच होता. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला देण्यासाठी जो पैसा सापडतो, तो शिकू पाहणाऱ्याला देताना का सापडू नये? मीही निवृत्त आहे, तेव्हा हे मत्सराने बोलत नाही.

निवेदनाचा कच्चा मसुदा मी लिहून आणला आहे. पंचायत समितीकडे आणि मुक्त विद्यापीठाकडे तो जावा. त्याआधी गोंद्यातल्या दोन-तीन कारखान्यांच्या दारावर आणि दहा-बारा वाड्यांवर आपल्यापैकी कोणी जाऊन, कोणाला खरोखर शिक्षक व्हायचे आहे, त्याचे शिक्षण किती, वय किती, घरात कमावते किती, हे विचारून यावे. नावे न मिळाली तर मसुदा फाडून टाकू. मसुदा टेबलावर ठेवतो. नाशिकरोडची गाडी यायला अजून पाऊण तास आहे, तोवर मी येथेच आहे.