रस्त्यावरचा पायलट आणि त्याची विश्रांती
(पुण्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



'पायलट' हा शब्द उच्चारताच लोहगावचा विमानतळ आणि गणवेशातील वैमानिक डोळ्यांपुढे येतो. परंतु याच नावाचा आणखी एक श्रमिक या शहरात रात्रंदिवस राबत असतो. 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेच्या चालकाला त्या सेवेत 'पायलट'च म्हणतात. पदवी विमानातली मिळाली. विमानातल्या पायलटाचे हक्क मात्र तिच्यामागून आले नाहीत.

937 रुग्णवाहिकांची ही सेवा महाराष्ट्रात 2014 साली सुरू झाली आणि तिचे नियंत्रण केंद्र पुण्यात, औंधला उभे राहिले. त्याच वर्षी 30 जुलैला माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. 9 मार्च 2020 रोजी राज्यातील पहिले करोना रुग्ण पुण्यातच आढळले. पुढच्या काळात सख्खे नातेवाईकही ज्या देहाजवळ जाण्यास कचरत, तो देह रुग्णवाहिकेच्या चालकाने वाहून नेला. समाजाने त्याला 'योद्धा' म्हटले. योद्ध्याच्या पाळीचे तास किती, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

आता हिशेब मांडून पाहावा. आठवड्याचे तास 168. कामगाराच्या आठवड्याला 48 तासांची मर्यादा मानली, तर एक गाडी अहोरात्र सज्ज ठेवण्यास साडेतीन चालक लागतात. 937 गाड्यांना सुमारे 3,280. यात रजा आणि आजारपण धरलेले नाही. तीच गाडी बारा-बारा तासांच्या पाळीने दोघांवर चालवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याचे 84 तास येतात. आठ तासांची पाळी ही चालकांची मागणी एवढ्या साध्या अंकगणितावर उभी आहे. जे दीड माणसाचे वेतन वाचते, ते उरलेल्या दोघांच्या झोपेतून वाचते.

कायदा याबाबत मुका नाही. मोटार वाहतूक कामगारांच्या 1961 च्या कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तास ही मर्यादा घातली होती. तो कायदा आता 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. आठ तासांचे तत्त्व तिनेही सोडलेले नाही. तातडीच्या प्रसंगी मर्यादेतून सूट देण्याची तरतूद 1988 च्या मोटार वाहन कायद्यात आहे. पण तातडीचा प्रसंग हेच ज्याचे रोजचे काम, त्याला ही सवलत नेहमीची लावली तर नियम उरतोच कुठे?

वैमानिकांचा अनुभव येथे बोलका आहे. थकलेला वैमानिक म्हणजे प्रवाशांच्या जिवाला धोका, हे मान्य करून हवाई वाहतूक नियामकाने 2024 साली त्यांची साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली. वैमानिकांच्या संघटना न्यायालयात लढल्या, तेव्हा 2025 मध्ये दोन टप्प्यांत नियम लागू झाले. तरीही डिसेंबर 2025 मध्ये पुरेसे वैमानिक नसलेल्या एका बड्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द होताच नियामकाने तिला तात्पुरती सूट दिली. सुशिक्षित, संघटित, भरपूर वेतनाच्या वैमानिकाची विश्रांतीही नफ्यापुढे इतकी कच्ची ठरते. मग कंत्राटी चालकाची काय कथा! आणि त्याच्याही गाडीत मागे एक जीव झोपलेला असतोच.

'ही सेवा आहे, येथे तास मोजू नयेत' असे सांगितले जाते. मक्तेदार मात्र आपले देयक सेवा म्हणून सोडून देत नाही. मग सेवाभावाची सक्ती एकट्या चालकावरच का? काम शासनाचे, पैसा जनतेचा आणि मालक मात्र मक्तेदार, अशा या व्यवस्थेत जबाबदारी एकमेकांवर ढकलणे फार सोपे होते. मक्तेदार बदलला की कामगाराच्या जुन्या सेवेचे काय, हा प्रश्न वेगळाच.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने पूर्वीच शोधले आहे. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालाचे खाते मालकाकडे न ठेवता मंडळाकडे ठेवले. मालक बदलला, तरी त्याचा भविष्यनिर्वाह निधी आणि रजेचा हक्क टिकतो. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीच्या या शहराला हे तत्त्व नव्याने शिकवण्याची गरज नाही. ते रुग्णवाहिकेच्या चालकापर्यंत नेण्याची गरज आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. निविदेतच आठ तासांची पाळी आणि गाडीमागे साडेतीन चालकांची अट असावी. सेवेचे सातत्य आणि वेतनाची हमी शासनाने घ्यावी. पाळीचे वेळापत्रक प्रत्येक तळावर जाहीर लावावे. कार्यकर्त्यांनी ससूनच्या दारात उभ्या असलेल्या चालकांशी बोलून प्रत्यक्ष तासांची नोंद करावी आणि ती घेऊन रुग्णांच्या नातेवाइकांकडेही जावे. चालकाची झोप आणि रुग्णाचा जीव हे दोन प्रश्न नाहीत, हे नातेवाइकांना पटले, तर ही मागणी एकट्या चालकांची राहणार नाही. ती पुणेकरांची होईल.