‘बंद केलंय’ म्हणजे कोणी केलंय?

आज वीजतंत्री व तारतंत्री म्हणून प्रमाणपत्र घेणाऱ्या मुलामुलींनो,

तुमच्यातले काहीजण लवकरच कारखान्याच्या पॅनेलपुढे उभे राहतील, काहीजण गावच्या खांबावर चढतील. दोन्हीकडे एक वाक्य रोज कानावर पडेल : ‘चढ रे, बंद केलंय.’ या वाक्यावर विसंबून आपल्या धंद्यातली माणसं गेली आहेत.

कोणी बंद केलंय? कुठून? तिथं आत्ता कोण आहे? उपकेंद्रात फीडर पाडणाऱ्याची पाळी संपते, दुसरा येतो, पुरवठा कधी येणार म्हणून फोन खणखणत असतात, आणि खांबावरचे तुम्ही त्याला दिसत नसता. म्हणून लाइन क्लिअर लेखी घ्यायचं आणि ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं. कारखान्यात आयसोलेटरला स्वतःचं कुलूप, नावाचा टॅग, चावी आपल्या खिशात. पाचजण कामावर असतील तर पाच कुलपं. अमेरिकेनं असा नियम १९८९ मध्येच केला. आपल्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियमही सांगतात की, तार हाताळण्याआधी तिच्यातला भार उतरवा आणि काम चालू असताना ती चुकून भारित होणार नाही, याची तजवीज करा.

पण कुलूप लावून भागत नाही. पावसात गावचा पुरवठा जातो, मंगल कार्यालयाचा जनरेटर सुरू होतो. चेंजओव्हर स्विच न बसवता तो थेट वायरिंगला जोडलेला असेल, तर त्याचे ४१५ व्होल्ट उलटे डीपीकडे जातात. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो; खालच्या बाजूला ४१५ मिळाले की वरच्या बाजूला ११ हजार तयार! फीडर खरोखर बंद, लाइन क्लिअरचा कागद खरा, तरीही तार जिवंत. शेजारून समांतर जाणाऱ्या उच्चदाब वाहिनीमुळेही बंद तारेत दाब चढतो. कपॅसिटर तर स्विच पाडल्यावरही भार धरून बसतो.

म्हणून तपासा. टेस्टर आधी चालू जागी लावून पाहा, मग आपल्या तारेवर, मग पुन्हा चालू जागी. बिघडलेला टेस्टर आणि मेलेली तार, दोन्ही सारखेच गप्प असतात. त्यानंतर डिस्चार्ज रॉड : आधी जमिनीचं टोक पक्कं, मग तारेला आकडा; काढताना बरोबर उलट. कामाच्या दोन्ही बाजूंना, तिन्ही फेज जोडून अर्थिंग करा.

गणपतीत, लग्नसराईत घाई होईल. डीपीभोवती माणसं जमतील, पुढाऱ्यांचे फोन येतील. त्यांचं गाऱ्हाणं खरंही असेल. तरी अर्थिंग सोडायचं नाही.

आणखी एक. खेड्यापाड्यांत ‘झिरो वायरमन’ म्हणवली जाणारी पोरं आहेत. ना नेमणूक, ना हातमोजे, ना विमा. स्वतः खाली उभं राहून त्यांना वर चढवणं हा आपल्या क्षेत्रातला सर्वांत लाजिरवाणा प्रकार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. उद्या तुमच्या हाताखाली माणसं असतील. असं पोर दिसलं तर त्याला चढवू नका, या संस्थेच्या प्रवेशाची वाट दाखवा.

आणि अर्थिंग नसताना तुम्हालाच कुणी चढायला सांगितलं, तर नाही म्हणा. कारण नोंदवहीत लिहा आणि खाली सही करा.