पडद्यामागचे हात



सभा संपल्यावर सतरंज्या कोणी उचलायच्या, या प्रश्नावर आपल्या चळवळीत विनोद पुष्कळ झाले. विचार मात्र फारसा झाला नाही. व्यासपीठावरील भाषणाचे वृत्त छापून येते. सतरंज्या उचलणाऱ्याची नोंद कोठेच होत नाही, आणि त्याने ती मागूही नये अशी आपली सर्वांची मनोमन अपेक्षा असते. या प्रश्नाकडे थोडे दूर जाऊन पाहता यावे, यासाठी अमेरिकेतील एका टेकडीची हकिगत आज विचारात घेऊ. हकिगत धार्मिक आहे. परंतु श्रम आणि सत्ता यांचे नाते धर्मसंस्थेत जितके स्वच्छ दिसते, तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात पाल्मायरा नावाचे गाव आहे. त्याच्याजवळच क्युमोरा ही टेकडी. याच टेकडीत आपणास १८२७ साली सुवर्णपत्रे मिळाली असे जोसेफ स्मिथ याने सांगितले, आणि त्या पत्रांचा अनुवाद म्हणून १८३० मध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ पाल्मायरातच छापला गेला. त्यातून मॉर्मन पंथ उभा राहिला. पंथाच्या चर्चने १९२८ मध्ये ही टेकडी विकत घेतली आणि १९३७ पासून, युद्धकाळातील काही वर्षे वगळता, दर उन्हाळ्यात तिच्या उतारावर त्या ग्रंथातील कथांचे भव्य नाट्य होऊ लागले. जुलै महिन्यात तेथे अंधार पडायला नऊ वाजतात. अंधार पडला की टेकडीवरील अनेक मजली रंगमंच उजळे. जहाज दिसे, युद्ध होई, भूकंप होई आणि अखेरीस शुभ्र वस्त्रातील येशू प्रकाशझोतात अवतरे. समोरच्या मैदानात हजारो खुर्च्या मांडलेल्या असत. प्रवेशाला पैसा नव्हता.

हे सारे करणाऱ्यांना वेतनही नव्हते. प्रारंभीच्या काळात पंथाचे तरुण धर्मप्रसारकच भूमिका करीत. पुढे देशभरातून कुटुंबेच्या कुटुंबे अर्ज करून येऊ लागली. प्रवासखर्च ज्याचा त्याचा, वार्षिक रजाही ज्याची त्याची. अलीकडच्या काळात सातशेहून अधिक माणसे वेशभूषा करून मंचावर येत आणि त्यांची तालीम अवघ्या काही दिवसांत उरकली जाई. हे शक्य होण्याचे एक कारण असे की संवाद आणि संगीत आधीच ध्वनिमुद्रित केलेले असे. नटाने फक्त हावभाव करायचे. वाट्याला दोनच वाक्ये आली म्हणून रुसून बसणारा नट तेथे निर्माणच होऊ शकत नव्हता. वाक्ये कोणालाच नव्हती!

परंतु खरे काम मंचामागे होते. सातशे माणसांना दाढ्या आणि टोप चिकटवायचे, प्रत्येकाचा पोशाख त्याच्या अंगावर चढवायचा, प्रयोग संपताच तो उतरवून घ्यायचा, फाटलेला शिवायचा आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा त्याच खुंटीवर तयार ठेवायचा. पाऊस आला तर ओले पोशाख वाळवायचे. मुलांना सांभाळायचे, खुर्च्या पुसायच्या, दिव्यांच्या तारा तपासायच्या. गावातील लायन्स, रोटरी यांसारखी मंडळे खाद्यपदार्थ विकत आणि त्यातून आपल्या समाजकार्यासाठी पैसा उभा करीत. एरवी कचेरीत हुकूम देणारा गृहस्थ येथे दुसऱ्याच्या पायातील चपलांचे बंद बांधी. आपल्या किती शिबिरांत हे घडते, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

मॉर्मन विचारसरणीविषयी येथे कोणाचा गैरसमज होऊ नये. कृष्णवर्णीय पुरुषांना या चर्चने पौरोहित्याचा अधिकार १९७८ मध्ये दिला. स्त्रियांना तो आजही नाही. त्यांच्या ग्रंथात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे पूर्वज ईश्वरी शापाने काळवंडलेले दाखविले आहेत. आणि क्युमोराच्या आसपासचा प्रदेश हा सेनेका लोकांचा. त्यांची गावे आणि उभी पिके अमेरिकन सैन्याने १७७९ साली जाळली. तेथील कथा त्यांच्या भूमीवर, त्यांच्याविषयी, त्यांना न विचारता सांगितली जात होती. तरीही शिंपणीच्या कामाला बसलेल्या बाईचा प्रामाणिकपणा त्यामुळे खोटा ठरत नाही. तो खरा होता, म्हणूनच पुढे जे घडले ते बोचते.

ऑक्टोबर २०१८ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथील चर्चच्या मुख्यालयाने जाहीर केले की यापुढे असे मोठे नाट्यसोहळे नकोत. धर्मशिक्षणाचा भर घरावर असावा. क्युमोराचे नाट्य २०२० च्या उन्हाळ्यानंतर बंद व्हायचे होते. ज्यांच्या श्रमांवर ते ऐंशी वर्षे उभे होते त्यांचे मतदान झाले नाही. तशी पद्धतच त्या चर्चमध्ये नाही. पदाधिकाऱ्यांची नावे वाचली जातात आणि सभासद हात उंचावून संमती देतात. टाळ्यांच्या गजरात ठराव संमत करण्याची सवय असलेल्यांना ही पद्धत फारशी परकी वाटू नये. पुढे २०२० मध्ये महासाथ आली, प्रयोग रद्द झाला. पुढच्या वर्षीचाही झाला. म्हणजे जुलै २०१९ चा प्रयोग अखेरचा ठरला. त्या रात्री ज्यांनी पोशाखांच्या घड्या घातल्या, त्यांनी त्या पुढच्या वर्षासाठी घातल्या होत्या. त्यानंतर मंच काढून टाकण्यात आला आणि टेकडीवर झाडे लावण्यात आली.

निर्णय चुकीचा होता असे येथे म्हणायचे नाही. कदाचित तो योग्यही असेल. प्रश्न तो कोणी घेतला, हा आहे.

बव्हेरियातील ओबरआमरगाऊ गावाचे उदाहरण याच्याजवळ ठेवून पाहावे. प्लेगच्या साथीत १६३३ साली केलेल्या नवसापोटी हे गाव १६३४ पासून येशूच्या अखेरच्या दिवसांचे नाट्य करते, सामान्यतः दर दहा वर्षांनी; २०२० चा प्रयोग २०२२ मध्ये झाला. तेथे काही मोबदला मिळतो, हा फरक आहे. मोठा फरक असा की नाट्य चर्चचे नाही, ग्रामपालिकेचे आहे. प्रयोग रात्रीपर्यंत लांबवावा की नाही, या वादावर २००७ मध्ये गावाने सार्वमत घेतले. भांडणे झाली, पण ती चारचौघांत झाली. अर्थात तेथेही न्याय आपोआप आला नाही. विवाहित किंवा पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीला मंचावर स्थान नव्हते. ते १९९० मध्ये न्यायालयात जाऊन मिळवावे लागले. आणि जो गावात जन्मला नाही, त्याला वीस वर्षांचे वास्तव्य पूर्ण करावे लागते.

आपल्याकडे शिबिराचा आढावा घेणारी बैठक बहुधा शिबिरानंतर पंधरा दिवसांनी, शहरातल्या कार्यालयात होते. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या भगिनी आणि सतरंज्या उचलणारी मुले तोवर आपापल्या गावी पोचलेली असतात. ही बैठक शिबिराच्या जागीच, समारोपाच्या आधी घ्यावी. हिशेब त्या भगिनींसमोर वाचला जावा. आणि पुढचे शिबिर घ्यायचे की नाही, कोठे घ्यायचे, यावर त्यांची मते मोजली जावीत. सतरंज्या त्यानंतर उचलता येतील, आणि उचलायला सारेच असतील.